लोकांना खरं वाटलं

१२ जून

आजपासून लिहायचं ठरवलं. म्हणजे बायकोने ठरवलं. "जे काय ओकायचंय ते वहीत ओक, माझे कान किटले," असं म्हणून तिने ही वही माझ्यापुढे आपटली.

काल पिक्चर लागला. हेराच्या मालिकेतला तिसरा भाग, आणि माझा पहिला. आधीचे दोन भाग ज्याने केले तो नट पाठीच्या दुखण्याने घरी बसला. त्याच्या जागी मला घेतलं तेव्हाच लोकांनी बोंब ठोकली होती. मी म्हटलं, पडद्यावर बघतील तेव्हा आपोआप गप्प होतील. काल संध्याकाळच्या खेळाला टोपी आणि चष्मा लावून शेवटच्या रांगेत बसलो, शेजारी बायको. मी जिन्यातल्या पहारेकऱ्याला मागून तार लावून मारतो तो प्रसंग आला. या एका मरणावर आम्ही आठवडा घातला होता. मी तार आवळली, पहारेकऱ्याने डोळे पांढरे केले, आणि पुढून कोणीतरी ओरडलं, "जावईबापू, जपून! हात दुखतील!"

सगळं थेटर खो खो हसलं.

कित्येक वर्षं रोज संध्याकाळी मी घराघरांत जावई होतो. सासूची औषधं आणणारा, सासऱ्यांशी पत्ते खेळताना मुद्दाम हरणारा, बायकोच्या माहेरचा प्रत्येक नळ दुरुस्त करणारा. टीव्हीवरच्या त्या मालिकेने मला घर दिलं, गाडी दिली आणि हे बिरुद दिलं. घराचा रंग उडाला, गाडी दोनदा बदलली, बिरुद तेवढं घासूनही जात नाही.

आणखी एक लिहायचंय. हसणाऱ्यांत बायकोही होती. तोंडावर रुमाल होता, पण खांदे हलत होते. घरी आल्यावर म्हणाली, "अरे, तू झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतोस. मला कसं खरं वाटणार?" न जेवता झोपलो. तिने दोनदा विचारलं, मी घोरण्याचं सोंग केलं. तेही तिला खरं वाटलं नाही.

१५ जून

साहेबांनी, म्हणजे निर्मात्यांनी, कचेरीत बोलावलं. पिक्चर बरा चाललाय, पण लोकांचं मत वाईट आहे, असं त्यांचं म्हणणं. ते गरम पाणी फुंकून फुंकून पितात आणि मधेमधे माणसाचा गळा कापतात.

म्हणाले, "चौथ्या भागाचा करार झालाय, तो तुम्ही करा. प्रदर्शनाआधी निवडक लोकांना दाखवू. ते हसले, तर पाचव्या भागाच्या पहिल्याच दृश्यात हेर गाडीत बसेल आणि गाडी उडेल. चेहरा दाखवायचीही गरज नाही. मग नवा मुलगा घेऊ."

मी म्हटलं, "आणि नाही हसले तर?"

"तर पाचवा, सहावा, सातवा. म्हातारे होईपर्यंत माणसं मारा."

टीव्हीवरची मालिका बंद झालीय, दुसरं काम नाही. मला आता माणसं मारताच आली पाहिजेत.

२० जून

मेव्हण्याला बोलावून घेतलं. बायकोचा हा धाकटा भाऊ सिनेमात मार खातो. तोच त्याचा धंदा. जिन्यावरून गडगडायचं, काचेतून बाहेर पडायचं, नायकाच्या एका ठोशात तीन टेबलं मोडायची. आपटला की उसळून उभा राहतो म्हणून त्याला सगळे चेंडू म्हणतात. बायकोसुद्धा. लग्न केलेलं नाही, जेवायला बहुतेक आमच्याकडेच असतो, आणि चार माणसांचं जेवतो.

गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये जुन्या गाद्या अंथरल्या. त्याला म्हटलं, "मला खराखुरा मारेकरी कर."

तो मांडी घालून बसला आणि म्हणाला, "भाऊजी, मारणाऱ्याचं काम सोपं. हात तुमचा, पण दुखणं माझं. मी जेवढं दुखवून घेईन तेवढे तुम्ही दांडगे दिसाल. म्हणून लगाम नेहमी मार खाणाऱ्याकडे." मग माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवले. "तुम्ही नुसते ठेवायचे. आवळल्यासारखं मी दाखवणार. खरंच आवळलं गेलं, तर मी तळहात जमिनीवर दोनदा आपटीन. छप्पर कोसळत असलं तरी आधी सोडायचं. आमच्याकडे एवढा एकच नियम."

हे काही मला रुचलं नाही. सगळं तोच करणार तर मी कोण, टोपी अडकवायची खुंटी?

२ जुलै

आज एक मोठी गोष्ट हाती लागली.

ठोशांचा सराव चालला होता. तो मान उजवीकडे फिरवतो, माझी मूठ हवेतून जाते, असं शंभर वेळा केलं. फोन समोर लावून ठेवला होता. एकदा मी अर्धा क्षण आधी हात सोडला आणि मूठ त्याच्या ओठावर बसली. ओठ फाटला, दात रक्ताने भरले. तो हसून म्हणाला, "काही नाही भाऊजी, चालायचंच," आणि तोंड धुवायला गेला. मी तेवढ्यात फोनवर बघितलं.

काय फरक! आधीच्या सगळ्या ठोशांत मी एक भला गृहस्थ हवेत हात फिरवत होतो. या एका ठोशात मी खुनी दिसत होतो. माझा चेहरा तोच होता. फरक त्याच्या डोळ्यांत होता. तो क्षणभर खरा घाबरला होता, आणि त्याची भीती माझ्या अंगावर कोटासारखी चढली होती. इतकी वर्षं मी चेहरा, आवाज, चाल यांवर मेहनत घेतली. समोरचा खरा घाबरला की बाकी काही करावंच लागत नाही.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "त्याला टाके पडतील का?" मी विचारलं, "पण मी कसा दिसतोय?" ती बर्फ काढायला निघून गेली.

११ जुलै

चौथ्या भागाचं काम सुरू झालं. आज हॉटेलच्या भटारखान्यातली मारामारी. मला मारायला येणारा चेंडूच आहे. मीच हट्टाने घ्यायला लावला. त्याला चेहरा दिसणारी भूमिका पहिल्यांदाच मिळतेय, तर बायकोही खूश.

पहिले चार टेक नेहमीचे. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला होता. पाचव्याला मी पातेल्याच्या झाकणाने त्याच्या कानशिलावर दिली ती सरळ दिली. झाकण रबराचं होतं, पण कडेला आत तार होती. तो शेल्फावर गेला, वरच्या बरण्या त्याच्या अंगावर आल्या, आणि तो उठायला लागला तेव्हा मी त्याचं डोकं केसांना धरून ओट्याच्या कडेवर आपटलं. तेवढा भाग ठरलेला नव्हता. ओटा थर्माकोलचा होता, खालची फळी लाकडाची होती.

"कट!" दिग्दर्शक धावत आला आणि त्याने मला मिठी मारली. "हे कुठे लपवलं होतंस इतके दिवस?"

मारामाऱ्या बसवणारे मास्तर मात्र फणकारले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नटसाहेब, माझ्या माणसाला हात लावायचा नाही. फिरवायचा."

मी म्हटलं, "तक्रार त्याने केली का?"

चेंडू कानावर हात धरून बसला होता. मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, "घरचंच काम आहे मास्तर, जाऊ दे." खरंच गुणी पोरगा. जेवताना मी काहीतरी विचारलं ते त्याला ऐकू गेलं नाही. दुसऱ्या बाजूने विचारलं तेव्हा गेलं.

१९ जुलै

भटारखान्याचा तुकडा कुणीतरी चोरून बाहेर सोडला. सकाळपासून फोन खाली ठेवलेला नाही. "जावईबापूंना काय चावलं?" "हा तोच माणूस?" "अंगावर काटा आला." "जुन्या हेराला विसरा." एकाने लिहिलंय की, मी ओट्यावर डोकं आपटतो तेवढंच तो पुन्हा पुन्हा बघतोय, झोप येत नाहीये. वाचून डोळ्यांत पाणी आलं.

बायकोला एकेक वाचून दाखवत होतो. ती इस्त्री करत होती. मधेच म्हणाली, "त्याचा कान वाहतोय. तुला माहीत आहे?"

"धंदाच तसा आहे त्याचा. पूर्वी काय कमी लागायचं?"

"पूर्वी पडून लागायचं," ती म्हणाली, आणि माझ्या शर्टाची एकच बाही घासत बसली.

तिला माझं कौतुक करायला काय जातं कळत नाही. सगळं गाव म्हणतंय.

२४ जुलै

पेट्रोल भरायला थांबलो होतो. मागच्या गाडीतला एक धटिंगण उतरला, काचेवर टकटक करून म्हणाला, "काय जावईबापू, सासरी निघालात?" त्याचे दोस्त मागे खिदळत होते.

डोक्यात तिडीक गेली. मी दार उघडलं, जोरात. दाराची कड त्याच्या गुडघ्यावर बसली. तो वाकला तसा मी त्याचा हात धरून दारात घातला आणि दार लावलं. बोटं मोडल्याचा आवाज सिनेमात घालतात तसा अजिबात नसतो. बारीक असतो, काडीपेटी पायाखाली यावी तेवढा. तो गुडघ्यांवर बसून आईला हाका मारायला लागला. दोस्तांपैकी एकही पुढे आला नाही. मी दार उघडून त्याचा हात काढला, दार लावलं आणि निघालो. छातीत धडधडत होतं, पण भीतीने नव्हे. चांगला टेक झाल्यावर धडधडतं तसं.

संध्याकाळी त्याचंही चित्रण सगळीकडे. मला वाटलं, संपलं आता, साहेब गाडी उडवणार. साहेबांचा फोन आला तो हसत. वकील सगळं बघून घेतील, म्हणाले. लोक म्हणतायत, पोराने आगाऊपणा केला, भोगलं. "जावईबापू" म्हणायची कुणाची टाप नाही आता.

बायकोने चित्रण शेवटपर्यंत बघितलं. झोपायला तिच्या शिवणाच्या खोलीत गेली. तिला उकडत होतं म्हणे.

३ ऑगस्ट

न्हाणीघराच्या प्रसंगाची तालीम. चौथ्या भागाचा हाच कळसाचा प्रसंग. भटारखान्यातून निसटलेल्या चेंडूला मी न्हाणीघरात गाठतो, टबाशेजारी पाडतो आणि गळा आवळून मारतो. शेवटचा श्वास जाईपर्यंत कॅमेरा हलणार नाही.

सुरुवात झाली. मी हात नुसते ठेवले नाहीत हे खरं आहे. थोडे दाबले. चेंडूने तळहात फरशीवर दोनदा आपटला, मी लगेच सोडला. दिग्दर्शक ओरडला, "सोडलास का? तो हात आपटतोय ते किती सुंदर दिसतंय! माणूस मरताना असंच काहीतरी धरायला बघतो. ते ठेवायचं. भरपूर आपट."

चेंडू खोकत उठून बसला. "सर, ती आमची खूण आहे. थांबायची."

"मग दुसरी काढ खूण! हात मला पाहिजे."

मास्तर म्हणाले, खूण अशी बदलत नाहीत, अंगात मुरलेली असते. दिग्दर्शक म्हणाला, मास्तर, तुमच्या अंगात फार काही मुरलंय. शेवटी ठरलं की चेंडूने डावा पाय टबाच्या पत्र्यावर मारायचा. पाय मारला की सोडायचं. चेंडूने मला तीनदा विचारलं, "भाऊजी, पाय. लक्षात राहील ना? पाय."

मी म्हटलं, "अरे, मी काय दूध पितोय?"

घरी जेवायला आला तर गळ्यावर माझ्या अंगठ्यांचे दोन डाग. बायकोने भात वाढता वाढता बघितले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या हातांकडे बघितलं.

५ ऑगस्ट

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

न्हाणीघर मुद्दाम लहान बांधलं होतं. आत मी, चेंडू आणि कॅमेरावाला, दाराला आतून कडी. बाकी सगळे बाहेर पडद्यापुढे, आणि पडद्यावर फक्त माझा चेहरा, त्याचा चेहरा आणि तो हात. पाय दिसत नव्हते. नळ धो धो सोडलेला होता, दिग्दर्शकाला पाण्याचा आवाज हवा होता.

मी त्याला पाडलं. डोकं टबाच्या कडेला लागलं, ते ठरलेलंच होतं, जरा जोरात लागलं. छातीवर गुडघा रोवला. गळा धरला. आज त्याचा गळा घामाने निसरडा होता, म्हणून नीट पकड यायला मला जास्त जोर लावावा लागला. तो हात आपटायला लागला, ठरल्याप्रमाणे. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांत होते. मी उभ्या जन्मात समोरच्या नटाकडून असं काही घेतलेलं नाही. एरवी तो मार खाताना कुठेतरी आत बसून स्वतःवर नजर ठेवून असतो, ते मला माहीत होतं. आज आत कोणी बसलेलं नव्हतं. सगळा बाहेर आला होता.

टबावर काहीतरी वाजत होतं. पाय असेल. पण मरणारा माणूस पाय झाडणारच की. तोही झाडतोय, जीव ओतून काम करतोय, असंच मला वाटलं. शिवाय नळ चालू होता. शिवाय "कट" कोणी म्हटलं नव्हतं.

मग हात थांबला. वाजणंही थांबलं. जीभ दाताखाली आली होती. दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला, "कट," आणि बाहेर टाळ्या वाजल्या. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. मी त्याच्या गालावर चापटी मारून म्हटलं, "ऊठ रे चेंडू, जिंकलास."

मास्तर दार मोडून आत आले. त्यांनी मला छातीवर लाथ मारली तेव्हा मला कळलं की मी अजून त्याच्यावरच बसलोय.

६ ऑगस्ट

जिवंत आहे. नळी घातलीय. स्वरयंत्र चिरडलंय, आणि मेंदूला बराच वेळ हवा मिळाली नाही, किती नुकसान झालं ते नंतर कळेल, असं डॉक्टर म्हणतात. अपघात अशी नोंद झाली.

बायकोने एकच विचारलं. "त्याने पाय मारला होता?"

मी म्हटलं, "फरशी ओली होती गं. नळ चालू होता."

१४ ऑगस्ट

चेंडूला बघायला गेलो. बायको आठवडाभर तिथेच असते, घरी येत नाही. ती खाली औषधं आणायला गेली होती. तो जागा होता. नजर छताला, तोंड वाकडं, उजवा हात उशीवर ठेवला की तिथेच राहतो.

मी जवळ खुर्ची ओढली, म्हटलं, "चेंडू, टेक अप्रतिम झालाय." त्याने मान वळवून मला बघितलं, आणि काय सांगू, पाय हलवायला लागला! डावा पाय. पलंगाच्या लोखंडी पट्टीवर धाड धाड मारत राहिला. मला एवढा आनंद झाला. डॉक्टर म्हणाले होते, ओळख राहील की नाही सांगता येत नाही, आणि इथे मला बघताक्षणी पाय चालायला लागला. मी उशी सारखी करायला वाकलो तर आणखी जोरात.

परिचारिका धावत आली. मी म्हटलं, "बघा बघा, ओळखलं मला." ती म्हणाली, "तुम्ही आधी बाहेर व्हा." पाय लांब जिन्यापर्यंत ऐकू येत होता. बायकोला कळवायला हवं, सुधारणा आहे.

९ ऑक्टोबर

आज चौथा भाग निवडक लोकांना दाखवला. मी पडद्याच्या बाजूच्या अंधारात उभा राहून माणसांची तोंडं बघत होतो.

भटारखान्यात पहिला सुस्कारा आला. न्हाणीघर सुरू झालं तेव्हा खुर्च्या करकरायच्या थांबल्या. तो पाय आवाजात राहिलाय, मुद्दाम मोठा केलाय. नळाच्या आवाजातून ते धप्प धप्प येत राहतं, हळूहळू विरळ होत जातं. एका बाईने डोळे झाकले, मग बोटांच्या फटीतून बघितलं. एक धिप्पाड माणूस उठून बाहेर गेला आणि भिंतीला धरून ओकला. कोणी हसलं नाही. एकही माणूस हसला नाही!

साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सातव्यापर्यंत."

१४ ऑक्टोबर

कुठून निघालं कोणास ठाऊक, सगळीकडे एकच चर्चा आहे की न्हाणीघरातला माणूस खरंच मेला. पडद्यावर दिसतं ते खरं मरण आहे म्हणे. शिव्या पडतील म्हणून मी धास्तावलो होतो. तर पहिल्या आठवड्याची सगळी तिकिटं आत्ताच संपली. लोक म्हणतायत, असा हेर झाला नाही. काही जण मला खुनी म्हणतायत, पण तेही तिकीट काढतायत.

साहेबांनी बजावलं, "हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. लागेपर्यंत मूग गिळून बसायचं. आणि त्या पोराला कोणी बघता कामा नये."

बायकोचा फोन आला. आवाज बसलेला. "लोक मला भेटायला येतायत. भाऊ गेला म्हणून. तो समोर चमच्याने पाणी पितोय, त्याला या तोंडाने कोणी ओळखत नाही, आणि बायका माझ्या गळ्यात पडून रडतायत. त्याला सगळं कळतं रे. काल एकीने त्याच्यासमोर विचारलं, उरकलं का सगळं? सांग लोकांना. तो जिवंत आहे, एवढंच सांग. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडे."

मी म्हटलं, "सांगतो."

"शपथ घे."

घेतली.

१८ ऑक्टोबर

एका वाहिनीवर मुलाखत झाली. घरोघर बघितली असेल. मुलाखतकाराने शेवटी पुढे वाकून विचारलं, "तो माणूस खरंच गेला का?"

सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात समोरच्या प्रेक्षकांकडे लक्ष गेलं. सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. लहानपणापासून नाटकं केली, असं कधी कोणी बघितलं नाही मला. तो जिवंत आहे असं म्हटलं असतं तर तो श्वास सुटला असता, कोणीतरी हसलंही असतं, बरं झालं म्हणून. मी नजर खाली घातली. हातांकडे बघितलं. मग नुसता वर बघून थोडासा हसलो.

मी खोटं बोललेलो नाही. गप्प बसलो. दोन्हींत फरक आहे.

१९ ऑक्टोबर

बायको आली. चेंडूचे कपडे आणि स्वतःची पेटी भरायला. तिने इस्त्रीचं बटण लावलं आणि त्याचा शर्ट इस्त्री करायला घेतला. म्हणाली, उद्या दुपारी बाराला ती त्याला चाकाच्या खुर्चीत घालून त्या वाहिनीच्या दारात नेणार आहे. स्वच्छ शर्ट घालून. बघू देत सगळ्यांना.

मी म्हटलं, "आठ दिवस थांब. लागू दे. मग मीच नेतो."

"तू त्याच्या जवळ यायचं नाही."

"अगं, ऐकून तर घे." मी पुढे गेलो. समजवायलाच गेलो. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, तो मानेजवळ पडला असेल. ती भिंतीला जाऊन चिकटली आणि तिने इस्त्री दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. वायर ताणली गेली, पण निघाली नाही.

"अगं, मी आहे," मी म्हटलं.

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच धरलीये."

मी तिला शांतपणे सगळं सांगत होतो. किती वर्षं लोक हसले, आता कुठे हसायचे थांबले. ती सारखी म्हणत होती, "दारातून बाजूला हो." मी दारात उभा आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. हात चौकटीला लावले होते एवढंच. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तिने "हो बाजूला" म्हणून किंकाळी फोडली आणि इस्त्री माझ्या मनगटावर टेकवली. टेकवली आणि दाबून धरली. कातडी चर्र झाली, वास आला. मी बाजूला झालो.

ती शर्ट हातात घेऊन जिना उतरली. पेटी इथेच राहिलीय.

२० ऑक्टोबर

सकाळी साहेबांकडे गेलो. बायको त्याला दारात नेणार आहे हे सांगितलं. कोणत्या दारात, किती वाजता, तेही सांगितलं. ते म्हणाले, बघतो. फोन उचलून पलीकडे कोणाला तरी म्हणाले की खुर्ची आत जाता कामा नये. फार धक्काबुक्की नको, पण जाता कामा नये.

मग त्यांचं लक्ष माझ्या मनगटावरच्या पट्टीकडे गेलं. "हे काय?"

मी सोडून दाखवलं. इस्त्रीचं टोक स्पष्ट उठलंय, पाणी भरलंय. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "पट्टी बांधू नका. दिसू दे. कोणी विचारलं तर सांगायचं, कामात भाजलं."

मी म्हटलं, "कामातच भाजलंय."